तिनं साडी घेतली नाही

कथा लिहिणाऱ्या बाईला लोक दोनच गोष्टी विचारतात. हे खरंच घडलंय का, आणि घरचे काही म्हणत नाहीत का. कथा लिहिणाऱ्या पुरुषाला पहिला प्रश्न कधीमधी विचारतात, दुसरा कुणी विचारल्याचं मी ऐकलेलं नाही. माझ्यापुरतं सांगायचं तर पहिल्याचं उत्तर नाही, आणि दुसऱ्याचं उत्तर म्हणतात, भरपूर म्हणतात.

शहागंजात आमचं औषधाचं दुकान आहे. नवरा आणि मी दोघंही फार्मसी शिकलेलो, दुकानात आळीपाळीनं बसतो. दुपारी बाजार जरा ढिला पडला की मी काउंटरच्या आतल्या बाजूला, बिलबुकांच्या शेजारी कागद काढते आणि लिहिते. लिहायला एकांत लागतो, खिडकीतून झाड दिसावं लागतं, असं मी इतर लेखकांकडून ऐकलंय. माझ्यासमोर खोकल्याच्या बाटल्या असतात. त्यांनी मला कधी अडवलं नाही. गिऱ्हाईक आलं की पेन खाली ठेवायचं, गोळ्या द्यायच्या, जेवणाआधी की जेवणानंतर ते सांगायचं, आणि सोडलेलं वाक्य पुन्हा उचलायचं. गिऱ्हाईक येऊन गेल्यानं जे वाक्य मेलं, ते मुळातच अशक्त होतं असं मी समजते.

मी लिहिते हे बाजारात कळलं तेव्हा थोडे दिवस धंद्याला फटका बसला. बायका डॉक्टरची चिठ्ठी माझ्याकडे न देता नवऱ्याकडे सरकवायच्या. मागच्या गल्लीतली एक खाला शुगरच्या गोळ्या न्यायला यायची, ती म्हणाली, "बाजी, मेरे बारे में नक्को लिखो हां." वर्षभरानं तीच काउंटरवर कोपर टेकून म्हणाली, "इत्ते लोगां कू लिखे तुम, मेरे कूच नै लिखे. मेरे में क्या कमी है जी?" मी तिला सांगितलं की मी कुणालाच बघून लिहीत नाही, मनानं रचते. ती हसली. "हौ, सब ऐसाच बोलते."

तेव्हा मीही हसले होते. पुढे माझ्या सख्ख्या भावालाही ते पटलं नाही, तेव्हा हसू आलं नाही.

ज्या कथेवरून हे सगळं झालं ती एवढीच आहे. एक बहीण आणि दोन भाऊ. वडील वारलेत, जमिनीला बहिणीचंही नाव लागलंय, आणि ते काढण्यासाठी तिनं हक्कसोडपत्र करून द्यायचं आहे. आमच्याकडे हे घरोघरी होतं. बहीण रजिस्ट्री ऑफिसात येते, आपला हिस्सा भावांच्या नावे सोडते, तिथून भाऊ तिला जेवायला नेतात आणि मग साडी घ्यायला. साडी घेताना भाऊ हात आखडत नाहीत. साडी घेतली की कुणी कुणाचं काही घेतलं असं राहत नाही. तिनं प्रेमानं दिलं, त्यांनी प्रेमानं दिलं, विषय संपला. माझ्या कथेतली बाई सही करते, कुरकुर न करता. भावांबरोबर पोटभर जेवते. गुलमंडीच्या दुकानात गादीवर बसते. दुकानदार एकेक साडी उलगडत जातो, भाऊ म्हणतात ही बघ, ती बघ. आणि ती म्हणते, "नको." दुसरे रंग येतात. "नको." ती रागावलेली नाही, रडत नाही. तिला साडी नको आहे, एवढंच. भाऊ घाबरतात. समोर साड्यांचा ढीग पडलाय, दुकानदार एकाकडून दुसऱ्याकडे बघतोय, आणि कथा तिथं संपते.

यातलं मी डोळ्यांनी पाहिलेलं अगदी थोडं आहे. दुकानाच्या भाडेकरारासाठी रजिस्ट्री ऑफिसात थांबले होते, तेव्हा बाकावर बसलेली एक बाई अंगठ्याची शाई बाकाच्या पायाला पुसत होती. कुणी बघत नाही ना, याचा अंदाज घेऊन. ती कुणाची कोण, कशाला आली होती, मला माहीत नाही. बाकीचं सगळं मी काउंटरमागे बसून तयार केलं आणि त्यात एक पावसाळा आणि एक हिवाळा गेला.

शेवट सापडत नव्हता. एकदा तिच्याकडून कागद फाडून घेतला. एकदा तिला रडवलं. एकदा तर विहिरीपर्यंत नेऊन परत आणलं. सगळं नाटकी, सगळं दुसऱ्या कुणाचं तरी. मग एके दिवशी एका औषध कंपनीचा माणूस ऑर्डर घेऊन झाल्यावर बॅगेतून स्टीलचा डबा काढून काउंटरवर ठेवायला लागला. असे डबे घरी इतके झालेत की ठेवायला फळी नाही. मी म्हटलं, नको. ऑर्डर तर दिलेली होती, तरी त्याचा चेहरा पडला. "मॅडम, काही चुकलं का आमचं?" त्यानं पुन्हा पुन्हा विचारलं. ऑर्डर नाकारली असती तर तो मुकाट शेजारच्या दुकानात गेला असता. डबा नाकारल्यावर मात्र त्याचा पायच निघेना. तो एकदाचा गेला आणि मी कागद काढून कथेचा शेवट लिहिला. प्रतिभेनं दर्शन दिलं वगैरे काही झालं नाही. डबा होता.

कथा मी एका दिवाळी अंकाला पाठवली. संपादकांचा फोन आला.

"कथा छान आहे ताई, पण तिनं सही करायला नको होती. वाचकाला शेवटी काहीतरी मिळायला हवं."

"साडी नाकारते की ती."

"साडी नाकारणं म्हणजे काय? ते फारच बारीक झालं."

"बारीकच आहे."

"निदान दुकानाबाहेर येऊन भावांना काही बोलते, मोकळी होते..."

"बोलणारी असती तर तिनं सही केली नसती."

अंक छापखान्यात जायची घाई होती म्हणून कथा जशीच्या तशी छापली गेली. त्यांना पटलं होतं अशातला भाग नाही.

आता माझ्या भावांविषयी सांगायला हवं. दौलताबाद रस्त्याला पडेगावात आमची वडिलोपार्जित जमीन आहे. वडील गेल्यावर मीही हक्कसोड करून दिलं, राजीखुशीनं. वडिलांच्या आजारपणाची वर्षं भावांनी आणि वहिन्यांनी काढली, मी रविवारी जाऊन डबा देऊन यायचे. मला ते रास्त वाटलं. त्या दिवशी भावांनी साडी घेतली, मी घेऊ दिली. वांगी रंगाची, बारीक काठाची. अजून लग्नकार्यात नेसते. तेव्हा ही कथा माझी नाही हे इतकं उघड होतं, की ते कुणाला समजावून सांगावं लागेल असं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

अंक निघाल्यावर कुणीतरी पानांचे फोटो काढून धाकट्या भावाला मोबाइलवर पाठवले. त्यानं ते थोरल्याला दाखवले, आणि दादा दुकानात आला. एरवी तो आला की आधी नवऱ्याशी पाऊसपाण्याचं बोलतो, चहा घेतो, मग मुद्द्यावर येतो. त्या दिवशी बसलासुद्धा नाही.

"तुला काय कमी केलं गं आम्ही?"

"काही नाही."

"मग हे काय लिहून ठेवलंय?"

"कथा आहे."

"साडी घेतली नाय म्हणं. खरं सांग, तू घेतली का नाय? तुला वांगी रंगाची, तुझ्या सासूबाईला येगळी, अन् पोरीला फ्रॉक."

"घेतली. म्हणून तर ती बाई मी नाही."

"मग कोण हाय ती?"

"कुणीच नाही."

"कुणीच नाय, तर तिच्यापायी एवढी पानं कामून भरली?"

हा प्रश्न समीक्षकानं विचारला असता तर मी काहीतरी भारदस्त उत्तर दिलं असतं. दादापुढे मी नुसतं स्टूल सरकवलं.

त्याला खरोखर लागलं होतं. गावात लोक त्याला विचारायला लागले होते, बहिणीला साधी साडी नेसवली नाहीस का रे? "कागद केला त्याचं कुणी काय म्हणत नाय," तो म्हणाला. "सगळेच करतेत. पण साडी?" समोर भाऊ कळवळून बोलत होता आणि माझ्या मनात आलं, म्हणजे शेवट बरोबर जागी लागलाय. बहीण म्हणून हे शोभत नाही. लिहिणारीचं डोकं असंच चालतं, त्याला इलाज नाही.

"आता पुस्तक निघायलंय म्हणं तुझं," तो म्हणाला.

"निघतंय."

"त्यात बदलून टाक. एक साडीच तर घ्यायचीय तिला. घेऊ दे की! तुझं काय जातं?"

"कथा जाते."

"कथा दुसरी लिहिशील. भाऊ दुसरे कुठून आणशील?"

नवरा शेजारी उभा राहून एकाच औषधाच्या पट्ट्या पुन्हा पुन्हा मोजत होता. दादा दाराकडे वळला आणि पाठमोराच बोलला, "बारशाला मग चुलतीच्या पोरीला बोलावू. ती पण आत्याच हाय."

धाकट्याला बऱ्याच वर्षांनी मुलगी झाली होती. बाळाच्या कानात पहिल्यांदा नाव सांगायचं ते आत्यानं, आणि सख्खी आत्या मी एकटी. दादाला नेमकं कुठं धरायचं ते ठाऊक होतं. जमीन सोडताना मला काही वाटलं नव्हतं, कारण ती सोडून मी हेच राखलं होतं: बारसं, भाऊबीज, हुरड्याला ये म्हणून येणारा फोन. ते सगळं आता एका 'नको'वर येऊन अडलं होतं. तो शब्द काढला तर माहेर शाबूत. ठेवला तर पाळण्यापाशी दुसरी कुणी बसणार.

त्याच सुमारास शहरातल्या एका महिला मंडळानं मला बोलावलं. शाल, नारळ, टाळ्या. ओळख करून देणाऱ्या बाईंनी सांगितलं की स्वतःच्या आयुष्यातला एवढा कठीण निर्णय मी निर्भयपणे जगापुढे मांडला. मी माइक हातात घेतला आणि म्हटलं, "मी असं काही केलेलं नाही. मी साडी घेतली होती."

"म्हणजे हे तुम्ही जगलेलं नाही?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"मग हे खोटं आहे?"

"सगळं. म्हणून त्याला कथा म्हणतात."

मागच्या रांगेतून "अगंबाई" असा आवाज आला. नंतर चहाच्या वेळी माझ्याभोवती गर्दी नव्हती. भावांचं म्हणणं, मी खोटं लिहून त्यांची बदनामी केली. या बायकांचं म्हणणं, मी खरं न लिहून त्यांना फसवलं. दोघांनाही माझ्याकडून साक्ष हवी होती. मी साक्ष द्यायला बसलेली नाही. सुतारानं पाळणा केला तर त्याला कुणी विचारत नाही, तू यात झोपला होतास का म्हणून. मी बाकाच्या पायाला पुसलेली शाई पाहिली आणि तिच्यामागे एक अख्खी बाई उभी केली, तिला भाऊ दिले, भूक दिली, नकार दिला. हे काम आहे. गोळ्या देण्याइतकंच काम. आणि ते माझ्या नावावर जमा करायला कुणी तयार नव्हतं, कारण बाईला जगल्याशिवाय काही सुचू शकतं यावर कुणाचा विश्वासच नाही.

मग पुस्तकाची मुद्रितं तपासायला आली. मी बदल करून पाहिला, हेही सांगते. पेन्सिलीनं समासात लिहिलं: तिनं वरची निळी साडी उचलली आणि म्हणाली, ही चालेल. पुढचं आपोआप घडत गेलं. भाऊ हसले. दुकानदारानं उरलेल्या साड्यांच्या घड्या घातल्या. बाहेर येऊन तिघांनी उसाचा रस घेतला. कुणाला काही दुखलं नाही, कुणाला काही आठवणार नाही. ती बाई हुबेहूब माझ्यासारखी झाली. माझ्यासारख्या बाईचं बरं चाललेलं असतं, पण तिच्यासाठी वाचणारा पान उलटत नाही.

मी रबर घेतलं.

"काय खोडलंस?" नवऱ्यानं विचारलं. "भाऊ की साडी?"

"साडी."

"मग बारसं?"

"जाणार."

"बोलावलेलं नाही तुला."

"आत्याला कोण बोलावतं? आत्या येते."

मुद्रितं त्याच दिवशी कुरिअरनं पाठवली. कुंची आणि झबलं मी बाळ झालं तेव्हाच शिवून घेतलं होतं. बारशाच्या दिवशी दुकान नवऱ्यावर सोपवून रिक्षात बसले आणि पडेगावला उतरले.

अंगणात मांडव होता. दादा खुर्च्या लावून घेत होता. मला बघून त्याच्या हातातली खुर्ची हातातच राहिली.

"आलीस?"

"आले."

"ते काढलं का?"

"नाही."

"अजून टाइम हाय?"

"नाही. पुस्तक छापायला गेलं."

आजूबाजूच्या पाहुण्यांनी आपल्याला ऐकू येत नाही असा चेहरा केला आणि कान इकडेच ठेवले. दादा काही बोलणार तेवढ्यात थोरली वहिनी घुगऱ्यांची परात घेऊन दारात आली.

"गेलं ना छापायला? मग आता काय त्याचं," ती म्हणाली. "वन्सं, पाय धुवा अन् आत या. पोरगी रडून रडून लाल झाली."

"अगं, मी बोलायलोय ना तिच्याशी," दादा म्हणाला.

"बोला की. पाळणा आत हाय, तुमी भायेर बोला."

आत चुलत बहीण नवी साडी नेसून पाळण्याशेजारी बसली होती. मला पाहताच ती उठली. "बस बाई, तुझं तू सांभाळ. मला इथं आणून बसवलंय, पण नाव काय ठेवायचं ते कुणी सांगंना."

नाव मी रिक्षातच ठरवलं होतं. माणसांना नावं देणं माझं रोजचं आहे. फरक एवढाच की हे नंतर खोडता येणार नव्हतं. मी पाळण्यात वाकले, बाळाच्या कानाशी कुर्रर्र केलं आणि सांगितलं. नाव उच्चारलं की मागे जमलेल्या बायकांनी आत्याच्या पाठीत बुक्क्या घालायच्या ही रीत आहे. हलक्या हातानं, हसत. त्या दिवशी हात हलके नव्हते. धाकट्याच्या सासरच्या बायकांनी तर संधी साधली. सगळ्यांत जोरात थोरल्या वहिनीनं घातली आणि त्या गलक्यात माझ्या कानाशी वाकून विचारलं, "मग पुढं काय झालं?"

"कशाचं?"

"त्या बाईचं. दिवाळीला बोलावलं का तिला भावांनी?"

"मला नाही माहीत."

"अगं माय! लिवलं तुमी अन् तुमालाच माहीत नाय व्हय?" आणि तिनं आणखी एक घातली.

इतक्या दिवसांत हे विचारणारी ती पहिली. मी मान वर केली तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. बुक्क्या खरोखरच जोरात बसल्या होत्या.

जेवणं उरकली. आत्याला साडी द्यायची असते, ती द्यायला दादा ओसरीवर आला. वहिनीनं माझ्या कपाळाला कुंकू लावलं, आणि दादानं घडी पुढे धरली. ओसरीवरचं बोलणं एकदम थांबलं. पान लावणाऱ्याचा हात थांबला. कथा वाचलेले तिथं फार नसतील, पण ऐकलेले सगळेच होते. दादाचा हात पुढेच होता.

"नको," मी म्हटलं.

कुणीतरी चुकचुकलं.

"पोपटी नको. मला शोभत नाही. दुसरा रंग आहे का?"

वहिनी आत गेली, कपाटातून मातकट लाल रंगाची घेऊन आली. मी काठ पाहिले, पोत पाहिला, घुगऱ्यांच्या पुडीबरोबर पिशवीत टाकली. ओसरीवर पुन्हा बोलणं सुरू झालं.

रिक्षा बघायला दादा रस्त्यापर्यंत आला. बराच वेळ मोकळी रिक्षा मिळेना.

"घेतलीस ना शेवटी?" तो म्हणाला.

"घेतली."

"मग तिला घेऊ दिली असती तर काय बिघडलं असतं?"

"ती मी नाही, दादा. किती वेळा सांगू?"

समोरून ट्रक जात होते, तो त्यांच्याकडे बघत राहिला. मग माझ्याकडे न बघताच म्हणाला, "तिचे भाऊ दुसऱ्या दिवशी साडी घरी नेऊन देणार बघ. असं कोण सोडतंय व्हय बहिणीला! थोरला जाईल. धाकट्याला नाय जमायचं ते. दारात नाय देणार, आत जाऊन चुलीपाशी ठेवणार."

"मग ती काय म्हणेल?"

दादा विचारात पडला. खरंच पडला. "ते बघावं लागंल," तो म्हणाला.

"बघ. जमलं तर लिही," मी म्हटलं. रिक्षा येऊन थांबली होती, मी पिशवी आत ठेवली. "माझ्या कथेत ती अजून दुकानातच बसलेली आहे, आणि मी तिला तिथून उठवणार नाही."